शिकाऱ्यांच्या वह्या जाळू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पक्षी सप्ताहाच्या निमित्तानं आपल्या अंकात एका वाचकांचं पत्र छापून आलं. जुन्या शिकाऱ्यांचे फोटो, बंदुका, वह्या असलं काही कुठल्याही प्रदर्शनात मांडू नये, कुणाच्या घरात असेल तर जाळून टाकावं, यांनीच पाखरं संपवली, असा त्या पत्राचा सूर होता. त्या वाचकांचा राग मला समजतो. मेलेल्या बदकांची माळ खांद्यावर टाकून हसत उभ्या असलेल्या माणसाचा फोटो आजच्या मुलांना दाखवावा असं मलाही वाटत नाही. पण वह्या जाळा म्हटल्यावर गप्प बसवेना. तसल्या वह्या माझ्या घरात आहेत. माझ्या वडिलांच्या, आणि त्यांच्या आधीच्या आजोबांच्या. माझी सगळी नोकरी एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गेली. कुठला कागद ठेवायचा आणि कुठला नाही, हाच माझा धंदा होता. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते. शिकार बंद झाली हे योग्यच झालं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे १९९१ च्या दुरुस्तीनं छंदाच्या शिकारीचे परवानेच काढून टाकले. ते दार पुन्हा उघडावं असं मला वाटत नाही. का वाटत नाही तेही पुढं सांगते, कारण माझं पत्र वाचून कुणीतरी 'मग चालू करा की शिकार' म्हणणारच.

आबा, म्हणजे माझे वडील, परवानाधारक शिकारी होते. आपलं कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यानंतर १९५१ चा मुंबईचा वन्य पशू-पक्षी संरक्षण कायदा आपल्याला लागू होता, त्याखाली परवाना मिळायचा आणि बंदीचा हंगामही ठरलेला असायचा. आबांची दुनळी बंदूक बारा बोअरची होती. दिवाळी उरकली, भात निघालं, की त्यांचा हंगाम सुरू व्हायचा. नदीवरच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की मागं पाणी तुंबतं, पावसाळ्यातलं गढूळपण बसतं, आणि त्या संथ पाण्यावर बदकं उतरायला लागतात. वडणगे, प्रयाग चिखलीकडच्या सखल रानात पुराचं पाणी ओसरल्यावर मागं राहिलेली डबकी असायची. आबा तिकडंच जास्त जायचे. थोरला भाऊ झोपेचा कच्चा, म्हणून मला न्यायचे. थर्मास आणि वही सांभाळायचं काम माझ्याकडं.

पहाटेच्या त्या वेळेबद्दल थोडं लिहिते, कारण ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना वाटतं की शिकारी म्हणजे पाण्यावर बसलेल्या पाखरावर जाऊन बार टाकणारा. बदकं बहुतेक रात्री चरतात. दिवसभर मोकळ्या पाण्यावर झोपा काढतात, तिन्हीसांजेला उठून भाताच्या खाचरात जातात आणि फटफटायच्या आत परत येतात. शिकारी उभा राहतो तो या जाण्यायेण्याच्या वाटेवर. आम्ही अंधारातच पाणकणसाच्या आडोशाला जाऊन बसायचो. पाय घोट्यापर्यंत चिखलात, थंडी अशी की बोटं वळायची नाहीत. कोळ्यांपैकी एकजण आमच्याबरोबर असायचे, त्यांना आम्ही मामा म्हणायचो. थव्याचा आवाज आला की मी हमखास मान वर करायची. मामा खालच्या आवाजात म्हणायचे, "वर बघू नगंस पोरी, तोंड चमाकतंय." आणि ते खरंच होतं. उजाडता उजाडता वरून येणाऱ्या बदकाला माणसाचा गोरटा चेहरा आधी दिसतो आणि अख्खा थवा एका झटक्यात वळतो. चक्रांग बदकांचा थवा असा वळताना मी पाहिला आहे. क्षणात सगळ्यांची पांढरी पोटं, क्षणात सगळ्यांच्या काळ्या पाठी. पंखांचा आवाज मागाहून यायचा.

मारलेलं पाखरू पाण्यात पडलं की मामा ते आणायला काहील घेऊन जायचे. गुऱ्हाळातली गूळ आटवायची मोठी कढई, जुनी, बुडाला डाग दिलेली. ती आपल्याकडं नावेसारखी वापरतात हे शहरातल्या नव्या पिढीला बहुधा माहीत नसेल. आबांचा एक नियम होता. जखमी पाखरू सापडेपर्यंत दुसरा बार काढायचा नाही. जखमी बदक बुडी मारतं, पाण्याखालच्या गवताला धरून राहतं आणि फक्त चोचीचं टोक वर ठेवतं. हाताच्या अंतरावर असूनही दिसत नाही. एकेका पाखरासाठी मामा आणि आबा उन्हं वर येईपर्यंत पाणी चाळत राहायचे, आणि नाही सापडलं तर त्या दिवशी घरी कुणी आबांशी फार बोलायचं नाही.

घरी आल्यावर आई पाखरं साफ करायला बसायची आणि आबा शेजारी पाट घेऊन वही उघडायचे. माझं आजचं म्हणणं या वहीबद्दल आहे.

आबा बदक हातात घेऊन त्याचा पंख उघडून बघायचे. कार्तिकात आलेले नर अजून रंगात आलेले नसतात. विणीनंतर त्यांची झळाळती पिसं झडलेली असतात आणि नर-मादी दोघं सारखीच तपकिरी दिसतात, त्यामुळं लांबून ओळख पटणं अवघड. पण पंखावरचा पट्टा खोटं बोलत नाही. चक्रांगाचा हिरवा चकाकणारा, थापट्याच्या खांद्याशी निळसर रंग आणि पुढं फावड्यासारखी पसरट चोच. ती चोच आबांनी मला भिंगाखाली दाखवली होती. दोन्ही कडांना बारीक दातेरी झालर असते, पाणी त्यातून गाळून जातं आणि किडामुंगी आत राहते. मग पोटातली खड्यांची पिशवी चिरून ताटलीत पसरायची. भाताचे दाणे, गवताचं बी, बारीक गोगलगायींची शिंपली, वाळू. हे सगळं लिहायचं. एक नोंद जशीच्या तशी देते (चक्रांग, थापट्या, हळदीकुंकू, तलवार ही सगळी बदकांचीच नावं):

"कार्तिक वद्य ७. चिखलीखालचं पाणी. पहाटे धुकं, वारा नाही. चक्रांगांचा थवा मोठा, पन्नासाच्या वर. थापट्या जोडी. हळदीकुंकू चार, जवळ आले नाहीत. तलवार बदक यंदा अजून नाही. चक्रांग दोन मिळाले, एक मादी, एक नर, नराला रंग नाही. पोटात भात, गोगलगाय, वाळू. एक जखमी गवतात गेला. दुपारपर्यंत शोधला, मिळाला नाही."

आता मला सांगा, यातली दोन बदकं आबांनी मारली म्हणून ही नोंद जाळायची का? या एका नोंदीत त्या सकाळी त्या पाण्यावर काय होतं, किती होतं, काय खात होतं आणि काय आलं नव्हतं, हे सगळं आहे. 'यंदा अजून नाही' हे तर सोन्यासारखं वाक्य आहे. जे आलं नाही त्याची नोंद ठेवणारा माणूस फार विरळा असतो, हे मी अभिलेख कक्षातल्या अनुभवावरून सांगते.

हिवाळी पाणपक्ष्यांची शिस्तशीर गणना आपल्याकडं कधीपासून आहे? आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते, ती १९८७ साली सुरू झाली. त्याआधी कोल्हापूरच्या आसपासच्या तळ्यांवर, नदीच्या डोहांवर दर हिवाळ्यात काय उतरत होतं, हे जाणून घ्यायचं असेल तर जायचं कुठं? संग्रहालयांतले मोजके नमुने आणि एखाद्या गोऱ्या अधिकाऱ्याचं टिपण सोडलं तर उरतात या घराघरातल्या वह्या. आज कुणी रंकाळा किंवा कळंबा तळ्यावर उभं राहून म्हणतं, 'पूर्वी इथं पाखरांनी पाणी दिसायचं नाही', आणि दुसरा म्हणतो, 'छे, असलं काही नव्हतं, म्हातारी माणसं वाढवून सांगतात'. दोघांकडंही पुरावा नाही. पुरावा कुणाच्यातरी माळ्यावर ट्रंकेत आहे आणि आपले वाचक म्हणतात, तो जाळा.

राजस्थानातल्या भरतपूरचं उदाहरण सगळ्यांना माहीत असावं असं मला वाटतं. केवलादेवचं ते पाणी मुळात तिथल्या महाराजांनी बदकांच्या शिकारीसाठीच राखलेलं होतं. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो आणि त्यांच्या पाहुण्यांनी तिथं एका दिवसात ४,२७३ पाखरं मारली. वाचताना अंगावर काटा येतो. १२ नोव्हेंबर ही सालिम अलींची जन्मतारीख. आपला पक्षी सप्ताह ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनी सुरू होतो आणि त्याच १२ तारखेला संपतो. पण तो आकडा आपल्याला कळला कसा? तिथं दगडावर कोरून ठेवला आहे म्हणून. कुठल्या सालात, कुणाच्या पाहुणचारात, किती पाखरं पडली याची ती दगडी यादी आजही उभी आहे, आणि तिथं जाणारा प्रत्येकजण तिच्यासमोर थांबतो. कुणी ती फोडून टाकली असती तर बरं झालं असतं का? त्याच जागेला पुढं राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९८५ साली ती जागतिक वारशात गेली. आपलं दाजीपूर तरी काय वेगळं? छत्रपतींचं शिकारीचं रान होतं, १९५८ साली राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं ते तिथंच.

एक मात्र मान्य करायला हवं. शिकाऱ्याची वही ही गणनेची वही नसते. शिकारी खाण्याजोगं तेच जास्त बघतो. आबांच्या वह्यांत ब्राह्मणी बदकांच्या नोंदी फार थोड्या आहेत. ती नव्हती म्हणून नव्हे. त्यांचं मांस कुणी आवडीनं खात नाही, आणि ती इतकी सावध असतात की माणूस दिसताच ओरडून अख्ख्या पाण्याला जागं करतात. म्हणून शिकारी त्यांना टाळायचे, नोंदही टाळायचे. मोठ्या थव्यांचे आकडे अंदाजाचे असतात. शिकार चांगली झाली की आकडा जरा फुगतो हेही नाकारता येत नाही. हे सगळं ध्यानात घेऊनच वाचावं लागतं. पण शेतसाऱ्याचे जुने कागदही असंच ताडून वाचतात. म्हणून कुणी ते फेकून देत नाही.

माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. त्याच्या कचेरीतला एक सहकारी दर शरद ऋतूत बदकांच्या शिकारीला जातो. भाचा एकदा नुसता बघायला म्हणून त्याच्याबरोबर गेला आणि मला फोनवर सांगत होता, 'मावशी, आबांसारखंच चाललंय बघ.' पण पुढचं ऐकून मी चकित झाले. तिथलं केंद्रीय मत्स्य व वन्यजीव खातं निवडक शिकाऱ्यांना पाकिटं पाठवतं. मारलेल्या प्रत्येक बदकाचा एक पंख त्या पाकिटात घालून टपालानं परत पाठवायचा. मग तज्ज्ञ मंडळी एका जागी जमून ते पंख चाळतात. जात कुठली, नर की मादी, यंदाचं पिल्लू की जुनं पाखरू, हे पंखावरून ठरवतात. पिल्लांचं प्रमाण जास्त असेल तर त्या साली वीण चांगली झाली, कमी असेल तर कुठंतरी बिघडलं. आबा पाटावर बसून जे करत होते, ते तिथं सरकारी काम आहे! १९५५ पासून तिथं जवळजवळ दर वर्षी विणीच्या जागांवर विमानातून आणि जमिनीवरून मोजणी होते, तिच्या आधारानं शिकारीच्या हंगामाची मर्यादा ठरते. शिकाऱ्याला पंचवीस डॉलरचं बदकांचं तिकीट, म्हणजे 'डक स्टॅम्प', घ्यावं लागतं. ही पद्धत १९३४ पासून आहे, आणि तो पैसा पाणथळ जागा विकत घेऊन राखण्यासाठी जातो.

आता 'मग आपल्याकडंही चालू करा' म्हणणाऱ्यांना उत्तर. तिथं मोजणी आधी होते, बंदूक नंतर उचलली जाते. आपल्याकडं येणारी चक्रांग, थापट्या, भुवई बदकं आपली नाहीत. ती सैबेरियात, मध्य आशियात वीण करतात आणि हिमालय ओलांडून किंवा वळसा घालून येतात. त्यांच्या या हवाई मार्गावर तीस देश आहेत. एवढ्या देशांत मिळून किती पाखरं जन्मली आणि किती मेली याचा हिशोब कुणाकडं तसा नाही. हिशोबच नसताना खर्च करायचा परवाना कोण देणार? शिवाय आपल्या तळ्यांचं जे झालं आहे ते वेगळंच. ज्या खाचरांत भात होता तिथं आता ऊस उभा आहे. उसाच्या फडात बदकाला खायला काही नाही. सखल रानं भराव टाकून वर आली, पाण्यावर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पसरलं. बदकाला उतरायला मोकळं पाणी लागतं, केंदाळानं गच्च झालेल्या तळ्यावर ते उतरत नाही.

शिसं हा आणखी एक मुद्दा. सहा नंबरच्या एका काडतुसात दोनशेच्या वर छरे असतात. पाखराला लागतात दोन-चार. बाकीचे पाण्याच्या तळाशी जातात आणि तिथंच राहतात. बदक दळणासाठी खडे गिळतं, त्यात छरेही गिळतं, आणि शिशाच्या विषानं झिजत मरतं. अमेरिकेनं म्हणूनच १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर देशभर बंदी आणली, युरोपीय संघानं २०२३ मध्ये पाणथळ जागांपुरती आणली. आबांच्या एका नोंदीत 'पोटात वाळूबरोबर दोन छरे, घासून चपटे झालेले, पाखरू हडकुळं' असं आहे. त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता, पण त्यांनी ते लिहून ठेवलं. आज वाचणाऱ्याला तो अर्थ लगेच लागतो.

आणि शिकार थांबली आहे असंही कुणी समजू नये. दुनळी गेली, तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा, आलं. याच महिन्यात शहराबाहेरच्या एका शेततळ्याच्या बांधावर मी स्वतः पाहिलं. हातभर अंतरानं बांबूच्या कामट्या रोवलेल्या आणि त्यांना तंगुसाचे फास, पाण्याच्या कडेला जिथं बदक चालत वर येतं बरोबर तिथं. पलीकडं दोन काठ्यांना बारीक जाळं ताणलेलं. उन्हात ते दिसतही नव्हतं, एका धोबी पाखराच्या पिसाऱ्याचा कुजलेला तुकडा त्यात अडकला होता म्हणून माझं लक्ष गेलं. फासाला नियम नाही. मादी, पिल्लू, टिटवी, बगळा, जे येईल ते. रात्रभर तडफडत राहतं. मी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला, वनरक्षक आले, जाळं आणि फास काढून घेऊन गेले. वाचकांना सांगते, कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचा बार हीच तेवढी शिकार नाही. फास मांडणं, जाळं लावणं, विष घालणं, अंडी उचलणं, घरटं मोडणं हे सगळं शिकारच आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर त्याहून कडक. त्या शेताच्या मालकाला हे माहीत नव्हतं. 'पाखरं हायती, कुणाची हायती?' असं तो मला म्हणाला. बोलून सांगितल्यावर मात्र त्यानं बांधावर पुन्हा कुणाला येऊ देणार नाही असं कबूल केलं, आणि मला त्याचा विश्वास वाटतो.

आता मूळ मुद्द्यावर येते. कोल्हापुरात शिकारीचा नाद असलेली घरं थोडी नव्हती. पेठांतल्या वाड्यांत, गावोगावच्या पाटील-इनामदारांकडं, निवृत्त लष्करी माणसांकडं अशा वह्या नक्की आहेत. सगळेच आबांसारखे पोट चिरून लिहिणारे नसतील. काहींनी नुसतं तारीख, गाव आणि आकडा लिहिला असेल. तेवढंही पुरे आहे. काडतुसांच्या खरेदीच्या पावत्या, परवान्याची पुस्तकं, पाठीमागं गावाचं नाव आणि साल लिहिलेले फोटो, हे सगळं उपयोगाचं आहे. फोटोतल्या माळेत कुठली बदकं आहेत हे जाणकाराला चोचीवरून ओळखता येतं.

वेळ मात्र थोडा आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात पंचगंगेकाठच्या आमच्या एका नातलगांच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. त्यांच्या आजोबांची शिकारीची वही, मी लहानपणी हाताळलेली, जाड पुठ्ठ्याची, पाणी ओसरल्यावर लगद्याची वीट होऊन निघाली. पानं सुटी करायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. शाई धुवून गेली होती. ज्यांची घरं पुरात येत नाहीत त्यांच्या वह्यांना कसर आहेच. आणि रद्दीवाला तर दर रविवारी दारात येतो. म्हातारा माणूस गेला की तेराव्यानंतर पहिली सफाई होते ती त्याच्या ट्रंकेची.

म्हणून माझी सूचना अशी. शिवाजी विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग, इथलं पुराभिलेखागार आणि करवीर नगर वाचन मंदिर यांनी मिळून या वह्यांच्या प्रती करून घ्याव्यात. मूळ वही घरच्यांनी घरीच ठेवावी, नुसती पानोपान छायाचित्रं काढू द्यावीत. नगर वाचन मंदिर १८५० पासून कागद सांभाळत आलं आहे, शहराचा त्याच्यावर विश्वास आहे, लोक तिथं न भिता वही घेऊन येतील. भीती असते हे मला माहीत आहे. वडिलांची बदनामी होईल, किंवा आता पन्नास वर्षांनी कुणी चौकशी लावेल, असं घरच्यांना वाटतं. परवान्यावर, त्या वेळच्या कायद्यात राहून केलेल्या शिकारीची नोंद दाखवायला काही हरकत नाही. नावं छापायची नाहीत असं ठरवून टाकलं तर तोही प्रश्न मिटतो. पुढं दर जानेवारीच्या गणनेत ज्या पाण्यांवर मोजणी होते, त्यात या वह्यांतली जुनी पाणी सापडतील तेवढी जोडून घ्यावीत. चिखलीखालच्या पाण्यावर आज काय उतरतं हे कुणी मोजलं तर ते ताडून बघायला आबांची नोंद तयार आहे.

माझ्या घरच्या सगळ्या वह्या मी या कामाला द्यायला तयार आहे. आबांच्या नोंदी १९७२ च्या माघात संपतात. पुढं नुसती कोरी पानं आहेत. त्यांनी बंदूक परवानाधारक विक्रेत्याला देऊन टाकली आणि नंतर त्या पाण्याकडं ते गेले नाहीत.

ज्यांच्याकडं वह्या आहेत त्यांनी तोवर काय करावं हे थोडक्यात लिहिते, कारण चांगल्या हेतूनं केलेली डागडुजीच कागदाला जास्त मारते. फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन अक्षरं खातो. लॅमिनेशन तर मुळीच नको. उन्हात वाळवू नका, सावलीत, वाऱ्यावर ठेवा. कसर मऊ कुंचल्यानं झाडून काढा. पानांचे फोटो खिडकीशी, दिवसाच्या उजेडात काढा आणि फ्लॅश बंद ठेवा. कोरी पानंसुद्धा सोडू नका. नोंदी तिथीनं असतील तर स्वतः तारखा लिहू नका. अधिक महिना मध्ये आला की हिशोब चुकतो, ते जुनं पंचांग समोर ठेवूनच करावं लागतं.

आजोबांच्या वह्या मोडी लिपीत आहेत, संस्थानी वळणाच्या. मला ती लिपी चांगली वाचता येते. कुणाच्या घरात मोडीतली अशी वही असेल आणि वाचणारं कुणी नसेल तर आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं, माझा पत्ता आपल्याकडं आहे. मी घरी येऊन वाचून देईन, देवनागरीत उतरवूनही देईन, पैसे घेणार नाही. पानं सुटी झाली असतील तर लावून ठेवू नका, आहेत तशी राहू द्या. कुठल्या पानाखाली कुठलं पान होतं त्यावरूनच पुष्कळदा साल लागतं.

कळावे,

आपली एक ज्येष्ठ वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर